डिंभ उजेड ‘पाहतो’ असे लिहू नकोस

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद. ऑस्ट्रेलियाजवळच्या हेरॉन बेटावरच्या प्रयोगांचा तुझा आराखडा वाचला. ‘अँफिमेडॉन क्वीन्सलँडिका’ या स्पंजाचा डिंभ, म्हणजे आपण बोलताना सरसकट लार्वा म्हणतो ती पोहती बाल्यावस्था, ‘उजेड पाहून अंधाराकडे वळतो’ असे तू लिहिले आहेस. त्यातला ‘पाहून’ हा शब्द आधी खोड. त्या जिवाला चेतापेशी नाहीत, आणि २०१० साली त्याचा जनुकसंच प्रसिद्ध झाला, त्यात इतर प्राण्यांच्या डोळ्यांत उजेड टिपणारे ऑप्सिन हे प्रथिनही आढळले नाही. उजेड टिपण्याचे काम क्रिप्टोक्रोम हे प्रथिन करत असावे, असा २०१२ पासूनचा कयास आहे.

खरी गंमत डिंभाच्या मागच्या टोकाशी आहे, तेव्हा सूक्ष्मदर्शक तिथेच लाव. तिथे गडद रंगद्रव्याचे एक कडे असून त्यातल्या पेशींवर अंगावरच्या केसांहून बरेच लांब असे हलते केस असतात, आणि उजेड वाढला किंवा घटला की त्यांची ठेवण बदलते. डिंभ स्वतःभोवती फिरत पोहतो. त्यामुळे उजेड एका अंगाने येत असेल तर कड्यातली प्रत्येक पेशी आळीपाळीने उजेडात आणि सावलीत येते, आपल्यापुरता प्रतिसाद देते, आणि या सगळ्या सुट्या हालचालींचे मिळून सुकाणू होते. कोणी कोणाला निरोप देत नाही. मला तरी हे डोळ्याहून अधिक नवलाचे वाटते.

आता अंधारातल्या निरीक्षणासाठी तू घेतलेल्या लाल टॉर्चविषयी. समुद्री जिवांना लाल उजेड जाणवत नाही, हे आपण इतक्या सवयीने धरून चालतो की तपासतही नाही. पण या डिंभाचा प्रतिसाद निळ्या, सुमारे ४४० नॅनोमीटरच्या उजेडाला सर्वाधिक असला, तरी ६०० नॅनोमीटरच्या आसपास दुसरा, लहान शिखरबिंदू आहे. तुझ्या टॉर्चची तरंगलांबी मोजल्याशिवाय त्या उजेडाला ‘अंधार’ म्हणू नकोस.

आणखी एक. सतत उजेडात ठेवलेले डिंभ तळाला चिकटायचे टाळतात. दिवस मावळल्यावर मात्र प्रवाळी शैवालावर, म्हणजे खडकावर चुन्याचा कडक थर धरणाऱ्या शैवालावर, बसू लागतात. म्हणून निम्म्या बशा संध्याकाळनंतरही दिव्याखाली ठेव, आणि दोन्हीकडच्या पाण्याचे तापमान दर तासाला नोंदव, नाहीतर दिव्याची ऊब उजेडाच्या नावावर जमा होईल.

सुधारलेला आराखडा निघण्यापूर्वी पाठव.

तुझा शुभचिंतक