सगळे सहकारी नास्तिक असताना आपली श्रद्धा लपवावी का?

सहकारी देवधर्माची थट्टा करतात तेव्हा गप्प बसावे, वाद घालावा की श्रद्धा लपवून ठेवावी, असे आपण विचारले आहे. मी कोल्हापूरचा असून शिरोलीतील एका फौंड्रीच्या प्रयोगशाळेत काम करतो. माझे बहुतेक सहकारी सत्यशोधकी किंवा डाव्या विचारांच्या घरांतून आलेले आहेत. जोतिबाच्या चैत्र यात्रेनंतर माझ्या कानामागे राहिलेला गुलाल पाहून त्यांनी मला ‘चांगभलं’ हे नाव ठेवले, ते अकरा वर्षे झाली तरी पुसले गेलेले नाही.

श्रद्धा लपवण्यापेक्षाही वाईट गोष्ट मी करून बसलो होतो, ती म्हणजे तिला विज्ञानाचा मुलामा देणे. नोव्हेंबरच्या 9 ते 11 तारखांना आणि पुन्हा 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी या काळात मावळतीची किरणे महाद्वारातून अंबाबाईच्या गाभाऱ्यात पोहोचतात, हे देवीच्या सामर्थ्याशिवाय कसे घडेल, असे मी एकदा जेवणाच्या सुट्टीत मोठ्या आवेशाने म्हणालो. आमच्यातील सर्वांत कडव्या नास्तिकाने शांतपणे वहीच्या मागच्या पानावर आकृती काढली. देवी पश्चिमाभिमुख आहे; 21 डिसेंबरच्या सुमारास सूर्य सर्वांत दक्षिणेला मावळतो आणि त्याच्या सुमारे सहा आठवडे आधी व सहा आठवडे नंतर तो क्षितिजावर जवळजवळ एकाच जागी टेकतो. “हे ज्यांनी साधले त्या पाथरवटांचे श्रेय तू का काढून घेतोस?” असे त्याने विचारले, तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्या नोव्हेंबरात मी नेहमीप्रमाणे गर्दीत हात जोडून उभा राहिलो, आणि ती आकृती डोक्यात असूनही डोळे भरून यायचे ते आलेच. मला खरी लाज भक्तीची वाटत होती, म्हणून मी पुराव्याच्या आडोशाला गेलो होतो, हे तेव्हा कळले.

त्यामुळे अंगारा, ताईत, नवसाने बरा होणारा आजार असे जे दावे तपासता येतात, त्यांच्या बाजूने मी आता बोलत नाही, कारण तेथे माझे मित्रच बरोबर असतात. देवीसमोर दोन मिनिटे बसण्याचा खुलासा मात्र मी कोणालाही देत नाही. (महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये सत्यशोधक समाज स्थापला तो ‘निर्मिक’ म्हणजे सृष्टीचा निर्माता मानून, त्यांचा विरोध मध्यस्थाला होता. हे हत्यार मी एकदाच वापरले, आणि ते चांगलेच लागले.) फेब्रुवारी 2015 मध्ये आमच्याच शहरात डावे, विवेकवादी नेते गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, त्या आठवड्यात मी देवपूजा आटोपून आकृती काढणाऱ्या त्याच मित्राच्या घरी जाऊन बसत असे. श्रद्धावंतांनी तेव्हा आणखी मोठ्याने बोलायला हवे होते, असे मला आजही वाटते.

थट्टा सोसावी, पण तिची हद्द स्वतः सांगावी. आईच्या दहाव्यासाठी पंचगंगेच्या घाटावर जायला मी सुट्टी मागितली तेव्हा तोच मित्र कावळ्यावरून काही बोलला. “आज नको,” एवढेच मी म्हणालो. त्याने माफी मागितली नाही. माझी कामाची पाळी मात्र न सांगता स्वतः केली.

वरिष्ठ श्रद्धेवरून बढती अडवत असेल, तर ती थट्टा राहत नाही. तेथे लेखी तक्रार करावी.