किनाऱ्यावरच्या प्रवासात कुत्रा सोबत असताना

मोटरहोमच्या, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीच्या, पहिल्याच प्रवासाला कुत्र्याला सोबत नेण्याचा तुमचा विचार मला मनापासून आवडला. मात्र एक गोष्ट आधीच सांगतो, कारण ती त्याच्या जिवाशी निगडित आहे. बाहेर केवळ २४ अंश सेल्सिअस तापमान असले, तरी उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीच्या आत अर्ध्या तासात ४० अंशांहून अधिक तापमान होऊ शकते, म्हणून ‘पाच मिनिटांत येतो’ असे म्हणून त्याला मोटरहोममध्ये कोंडून कधीही जाऊ नका.

गाडी चालू असताना त्याला पट्ट्याने बांधूनच बसवा.

भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे काल निर्धास्तपणे फिरलेली खडकाळ वाट आज त्याच वेळी पाण्याखाली असू शकते. लाटांशी खेळताना खारे पाणी पोटात गेले की उलट्या-जुलाब होतात. म्हणून गोडे पाणी सतत जवळ बाळगा. माझ्या कुत्रीच्या बोटांच्या बेचक्यांत ओली वाळू राहून तेथील कातडी लालभडक झाली होती, तेव्हापासून दारातच तिचे चारही पंजे एकेक करून मगभर पाण्याने धुतो आणि कोरडे पुसल्यावरच तिला आत घेतो.