चिंगम, चिकू आणि चीक

कोपरखैरण्याहून प्रश्न आला आहे: ‘चिंगम’ हा शब्द ‘चिकट’वरून आला म्हणतात, ते खरं का? आणि चिंगम म्हणावं की बबलगम?

चिकटवरून आलेला नाही. हा गैरसमज इतक्यांदा कानावर येतो की आता वैताग येतो. ‘च्युइंगगम’मध्ये दोन ‘ग’ लागून आले, बोलताना एक गळला. नाककटाचा नकटा झाला तोच हा समाक्षरलोप. मग ‘च्युइं’चं ‘चिं’ झालं. नकटा शुद्ध असेल तर चिंगमही शुद्धच, शाळेत मुलांना त्यावरून टोकायचं कारण नाही.

बबलगम म्हणजे फुगा निघतो ते. प्रत्येक बबलगम चिंगम असतं, पण प्रत्येक चिंगमचा फुगा निघत नाही, कारण फुग्यासाठी गमचा गाभा, म्हणजे चघळून उरतो तो भाग, जास्त ताणला जाणारा लागतो. तरीही साखर पुरती विरघळायच्या आत फुंकलं तर पापुद्रा फाटतो. म्हणून आधी चघळायचं, गोडी गेली की जिभेवर पातळ करून फुंकायचं. फिलाडेल्फियाच्या फ्लीअर कंपनीचा पहिला प्रयत्न, १९०६ सालचा ‘ब्लिबर ब्लबर’, फसला तो फार चिकट झाल्यामुळे: फुटलेला फुगा कातडीवरून निघत नसे. १९२८ मध्ये त्याच कंपनीतल्या वॉल्टर डीमर या हिशेबनिसाला योग्य मिश्रण सापडलं आणि ‘डबल बबल’ बाजारात आलं. हाताशी गुलाबी रंगच होता, म्हणून बबलगम आजही गुलाबी.

पण खरी गंमत चिंगममध्ये नाही, चिकूत आहे. आज गमचा गाभा बहुधा कृत्रिम असतो. पूर्वी तो ‘चिकल’चा असे, म्हणजे मेक्सिको-ग्वाटेमालाच्या जंगलात चिकूच्याच झाडाला नागमोडी खाचा पाडून गोळा केलेला आणि उकळून घट्ट केलेला चीक. ‘चिकल’ आला मेक्सिकोतल्या मूळ रहिवाशांच्या नाहुआत्ल भाषेतल्या ‘त्सिक्तली’वरून, म्हणजे चिकट पदार्थ. शेवटचा ‘तली’ हा तिथला नामाचा प्रत्यय. तो काढला की उरतो ‘त्सिक’. आणि आपल्याकडे पपईचा चीक, कुरडयांसाठी गव्हाचा चीक, खरवसाचा चीक! आपला ‘चीक’ चिकट, चिकाटी आणि संस्कृत ‘चिक्कण’ यांच्या कुळातला. दोघांचं नातं शून्य, निव्वळ योगायोग, पण इतका देखणा योगायोग मराठीत दुसरा दाखवणं अवघड.

फळाचं ‘चिकू’ हे नाव स्पॅनिश ‘चिको’ मार्गे आलं. काही कोश त्याच्या मुळाशी नाहुआत्लमधली मधमाशीसारखी माशी पाहतात. मला ते पटत नाही. देठ तुटताच पांढरा चीक गाळणाऱ्या फळाला माशीचं नाव देतील, की चिकाचं? ‘चिको’चा ‘चिकू’ मात्र पोर्तुगीज तोंडून झाला असावा. शेवटचा ‘ओ’ ते ‘उ’सारखा उच्चारतात, आणि त्यांचा जुना ‘च’ आपल्याकडे ‘चावी’तही टिकला आहे. हे नाव मराठीत इतकं घट्ट रुतलं ते कानात आधीच ‘चीक’ बसलेला होता म्हणून, असं माझं ठाम मत आहे. कच्चा चिकू खाऊन ओठ चिकटलेल्या कुणालाही हा शब्द परका वाटणार नाही.

म्हणूनच शेतीच्या माहितीपत्रकांत चिकूला म्हटलेला ‘सपोटा’ खटकतो. तो जास्त शास्त्रीय वाटतो, पण निघाला त्याच नाहुआत्लमधल्या ‘त्सापोत्ल’पासून, म्हणजे मऊ गोड फळ. शब्द परका म्हणून चिकू टाकायचा तर सपोटा तितकाच परका. डहाणू-घोलवड हा पालघर जिल्ह्यातला चिकूचा पट्टा. तिथल्या फळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेही ‘डहाणू घोलवड चिकू’ याच नावाने.