कंदील असेल, चांदणं नाही

प्रश्न : माझं बालपण पुण्यात नारायण पेठेत गेलं. पानशेतचं धरण फुटलं तेव्हा मी सहा वर्षांची होते. वडील मला खांद्यावर घेऊन जिना उतरताहेत, आईच्या हातात कंदील आहे आणि बोळातल्या पाण्यावर चांदणं चमकतंय, हे मला आजही लख्ख दिसतं. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. तो म्हणतो, "पूर दिवसा आला, आणि तू तर तेव्हा साताऱ्याला मावशीकडे होतीस." आईवडील आता नाहीत. गेल्या दिवाळीत यावरून इतकं वाजलं, की आमचं बोलणं बंद आहे. मी खोटं बोलते आहे का?
– एक वाचक भगिनी, नाशिक

उत्तर : ताई, खोटं तुम्ही बोलत नाही. खोटं बोलणं वेगळं आणि चुकीचं आठवणं वेगळं. न्यायाधीश म्हणून मला हे एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने शिकवलं. मारामारीचा खटला होता. "पिठूर चांदणं होतं साहेब, तोंड साफ दिसलं," असं त्याने शपथेवर सांगितलं. उलटतपासात वकिलांनी पंचांग पुढे केलं. वद्य चतुर्दशी! त्याचा उतरलेला चेहरा मी विसरलो नाही. त्याला त्या खटल्यातून मिळवायचं काहीच नव्हतं. त्याला ते चांदणं खरंच दिसत होतं.

म्हणून तुमचं पत्र वाचल्यावर मी आधी जुनं पंचांग काढलं. पूर आला त्या दिवशी, १२ जुलै १९६१ ला, अमावस्या होती. चांदणं कुठल्या तरी दुसऱ्या रात्रीचं इथे येऊन चिकटलं आहे. धरण सकाळी फुटलं आणि पुण्यात पाणी दिवसाउजेडी चढलं, हे दादाचं बरोबर. पण कंदील सोडू नका. पुरात शहराची वीज गेली होती, त्यामुळे त्या रात्री आईच्या हातात कंदील असणं अगदी शक्य आहे. तुम्हाला आठवतो तो जिना कदाचित पुरानंतरच्या रात्रीचा असेल.

आता दादाची बाजू. सहा वर्षांची मुलगी, म्हणजे बहुधा पहिलीत. जुलैच्या मध्याला शाळा चालू असते. मग ती साताऱ्याला कशाला असेल? मला वाटतं, घरात चिखल भरल्यावर तुम्हाला मावशीकडे पाठवलं असावं आणि दादाच्या मनात ते "नंतर" सरकून "तेव्हा" झालं असावं. हा माझा तर्क आहे, निकाल नव्हे. पण ठामपणे सांगितलं म्हणून ते खरं, असं मी कोर्टात कधी धरलं नाही, घरातही धरू नये.

आणखी एक. आठवण कशी विचारली जाते त्यावर ती बदलते. एलिझाबेथ लॉफ्टस या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७४ साली लोकांना मोटारींच्या टकरीची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या "धडकल्या" तेव्हा वेग किती होता; काहींना विचारलं, गाड्यांचा "चक्काचूर" झाला तेव्हा किती होता. आठवड्याने फुटलेली काच दिसली होती का, असं विचारलं. चक्काचूर ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांनी हो म्हटलं, धडक ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांनी. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. सरतपासणीत, म्हणजे साक्षीदाराला त्याच्याच बाजूचे वकील प्रश्न विचारतात तेव्हा, उत्तर सुचवणाऱ्या प्रश्नांना समोरचे वकील हरकत घेतात ते याचसाठी. तुमच्या घरात "तू नव्हतीसच" आणि "मी होतेच" हे साठ वर्षं चाललंय. त्यात मूळ किती उरलं असेल?

तेव्हा कागद शोधा. शाळेच्या जुन्या रजिस्टरात काही मिळतं का पाहा. पूरग्रस्तांना मिळालेल्या मदतीचे कागद जुन्या ट्रंकेत असू शकतात. सगळ्यात आधी मात्र मावशीच्या घरी विचारा. त्या पिढीत आलेली पोस्टकार्डं तारेला टोचून ठेवत. आईने लेकीची खुशाली विचारणारं एखादं कार्ड साताऱ्याला नक्की टाकलं असेल. त्यावर टपालाचा शिक्का असतो, शिक्क्यावर तारीख.

दादाला आज फोन करा. "तुला त्या दिवसाचं काय काय आठवतं?" एवढंच विचारा, आणि त्याचं बोलून होईपर्यंत मध्ये बोलू नका. कार्ड सापडलं तर भिंग घेऊन दोघं मिळून वाचा. तारीख मलाही कळवा, मी वाट पाहतो.