तुमचे प्रश्न : पोट्टा फॉर्मात नाही का टीमच फॉर्मात नाही?

धान निघालं, मंडईच्या जत्रा पण आटोपल्या, आता गावोगावच्या टूर्नामेंटा लागतील. त्यामुळं या अंकासाठी आलेली अर्ध्याहून जास्त पत्रं एकाच गोष्टीवर आहेत, कोणाला खेळवायचं, कोणाला बसवायचं आणि बाहेरून कोणाला आणायचं. काही पत्रं युरोपातल्या ट्रान्सफरवर आहेत. मी दोन्ही एकत्रच घेतो, कारण माझ्या मते प्रश्न दोन्हीकडं सारखाच आहे. खेळाडू किती चांगला हे आपण लगेच विचारतो, पण टीममधे त्याची जागा कोणती आणि त्या जागेवर कोणतं काम अडून आहे हे आधी पाहत नाही.

प्रश्न : आमच्या सेंटर फॉरवर्डनं मागच्या टूर्नामेंटमधे एकपण गोल नाही मारला. त्याच्या आधीच्या वर्षी त्याच पोट्ट्यानं आम्हाले फायनलपर्यंत नेलं होतं. आता सगळे म्हणून राहिले का याले बसवा. बसवू का?
– एक कॅप्टन, ब्रह्मपुरी तालुका

कॅप्टनसाहेब, गोल नाही मारला हे तुम्ही लिहिलं, पण चान्स किती आले हे नाही लिहिलं, आणि सगळं त्याच्यावरच आहे. युरोपात आता प्रत्येक शॉटला 0 ते 1 मधला एक आकडा देतात, त्याला एक्सपेक्टेड गोल म्हणतात, म्हणजे शॉट कुठून मारला, कोणत्या कोनातून, पायानं का डोक्यानं, हे पाहून तसे शॉट आजपर्यंत कितीदा आत गेले त्याचा हिशोब. पेनल्टीचा आकडा साधारण 0.75 ते 0.8 च्या मधात येतो. म्हणजे अकरा मीटरवरून, समोर एकटा गोलकीपर असताना पण चार-पाच पेनल्टीत एक वाया जातेच. मग धावता धावता, मागून धक्का बसताना मारलेला शॉट किती वेळा जाईल ते तुम्हीच पाहा. गावच्या टूर्नामेंटमधे चार-पाच मॅचेस होतात, तेवढ्यात चांगला फॉरवर्ड पण कोरडा जाऊ शकतो.

तुम्हाला कॉम्प्युटर नको, एक वही पुरे. बाकावरच्या एका पोराला बसवा आणि फक्त याच फॉरवर्डवर नजर ठेवायला सांगा, बॉल कुठंही असो. डीच्या म्हणजे गोलसमोरच्या पेनल्टी बॉक्सच्या आतून किती शॉट मारले, किती वेळा बॉल पायाशी यायच्या आधी डिफेंडरच्या पुढं निघाला, लेफ्टकडून क्रॉस आला तेव्हा पहिल्या पोस्टकडं धावला का मागंच उभा राहिला, एवढंच लिहायचं. दोन मॅचमधे चित्र साफ होते. चान्स येऊन राहिले आणि बॉल बाहेर जाऊन राहिला तं त्याला अजिबात बसवू नका, तो पोट्टा योग्य जागी पोचून राहिला आहे आणि तेच सगळ्यात कठीण काम असते. तो पोचतो पण बॉलच येत नाही, असं असलं तं दोष हाफचा (मधात खेळणाऱ्याचा) नाही तं विंगचा (कडेनं खेळणाऱ्याचा) आहे, आणि तुम्ही फॉरवर्ड बदलून पाहाल तरी नवा पण कोराच राहील.

तिसरी शक्यता आहे तिची मात्र काळजी करा, तोच पोचत नाही. स्पेनचा फॉरवर्ड फर्नांडो टोरेस आठवा. इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबमधे त्याच्या पहिल्या चार पावलांच्या वेगावर डिफेंडर मागं पडत. 2010 मधे गुडघ्याचं ऑपरेशन झालं, जानेवारी 2011 मधे तिथल्याच चेल्सी क्लबनं 5 कोटी पौंड देऊन त्याला घेतलं आणि त्या सीझनच्या उरलेल्या सगळ्या मॅचेसमधे त्याचा एक गोल झाला. चेल्सीनं नाव घेतलं, आधीचे गोल घेतले, पण ती चार पावलं आता राहिली का हे पाहायला पाहिजे होतं. तुमच्या पोट्ट्याला विचारा, गुडघा, घोटा, मांडी काही दुखते का, हंगामभर कापणी-मळणी करून आला आहे का, कारण आपल्याकडची पोरं दुखलं तरी सांगत नाहीत, टीममधून काढतील म्हणून. दुखत असलं तं बसवा, पण आराम म्हणून बसवा, आणि तसं सगळ्यांसमोर सांगून बसवा.

प्रश्न : आम्ही वर्गणी करून कामठीचा एक नामी फॉरवर्ड आणायचं म्हणून राहिलो. मागच्या टाइमले सेमीफायनल 4-3 नं हरलो. पैसे लय लागतात पण टीमची किंमत वाढन का?
– एक मंडळ, साकोली

भाऊ, तुम्ही तीन गोल मारून हरले! सेमीफायनलमधे तीन गोल मारणाऱ्या टीमला फॉरवर्ड कायले पाहिजे? चार गोल खाल्ले ते कसे खाल्ले हे पत्रात एका ओळीत पण नाही. बाहेरून आणायचाच असला तं स्टॉपर म्हणजे गोलसमोरचा मधला डिफेंडर आणा नाही तं गोलकीपर आणा, पण गावोगावी मी हेच पाहतो, वर्गणी जमली का नजर फॉरवर्डवरच जाते, कारण लोकाइले गोल दिसतात.

लिव्हरपूलचं उदाहरण देतो. जानेवारी 2018 मधे त्यांनी फिलिप कुटिन्यो स्पेनच्या बार्सिलोना क्लबला विकला, त्यांचा सगळ्यात कलाकार खेळाडू, 10 कोटी पौंडांच्या बऱ्याच वर सौदा गेला. त्याच महिन्यात 7.5 कोटी पौंडांना व्हर्जिल व्हॅन डाइक हा स्टॉपर घेतला आणि उन्हाळ्यात रोमा क्लबकडून अ‍ॅलिसन हा गोलकीपर. 2019 मधे चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी टूर्नामेंट जिंकली, 2020 मधे तीस वर्षांनी इंग्लंडची लीग जिंकली. आणि त्या 2019 च्या सेमीफायनलच्या दुसऱ्या मॅचमधे त्यांनी ज्या बार्सिलोनाला 4-0 हरवलं त्या टीममधे कुटिन्यो खेळत होता. तो काही वाईट खेळाडू नव्हता. त्याला लेफ्टकडून आत येऊन मधून मारायची सवय, आणि बार्सिलोनात ती मधली जागा मेस्सीची. मग कधी विंगला, कधी हाफला असं त्याला फिरवत राहिले. पुढं लोनवर, म्हणजे उसना, जर्मनीच्या बायर्न क्लबला पाठवला तं ऑगस्ट 2020 मधे बायर्ननं बार्सिलोनाला 8-2 नं हाणलं, त्यात शेवटी बदली येऊन दोन गोल यानंच मारले. खेळाडू तोच, पाय तेच.

तर आधी तुमचे ते चार गोल आठवून काढा. फ्री किकवर गेले का, राइट बॅक वर जाऊन परत नाही आला त्याच्या रिकाम्या जागेतून गेले का, का शेवटच्या दहा मिनिटात दम संपल्यावर गेले. दमानं गेले असतील तं कोणालाच आणू नका, त्या वर्गणीतून पोरांना स्टडचे बूट घेऊन द्या आणि महिनाभर सकाळी पळवा. मॅचच्या दिवशी सकाळी गाडीतून उतरणारा खेळाडू तुमच्या हाफला ओळखत नाही, तो बॉल कोणत्या पायावर देते हे त्याला माहीत नाही, आणि ज्याची जागा त्यानं घेतली तो गावचा पोट्टा पुढच्या वर्षी ग्राउंडवर येतच नाही. हे नुकसान वर्गणीच्या वहीत कुठं लिहिलं जात नाही आणि मला त्याचं फार वाईट वाटते. आणि आणण्याआधी टूर्नामेंटचा नियम पाहून घ्या, बाहेरचे किती चालतात ते.

प्रश्न : मॅच झाल्यावर अ‍ॅपवर प्रत्येक खेळाडूले 6.8, 7.4 असे मार्क देतात ते किती खरे?
– वणी

थोडे खरे. पास, टॅकल, शॉट असं जे मोजता येते त्याचे मार्क मिळतात. जो डिफेंडर नीट उभा राहिला म्हणून समोरच्यानं त्याच्या बाजूनं पासच दिला नाही, त्याचं ते काम मोजणं फार कठीण आहे. एका मॅचच्या मार्कावरून भांडू नका, सीझनभराचे पाहायला हरकत नाही.

प्रश्न : माही मुलगी नववीत हाय, शाळेच्या टीममधे मधात खेळते. दोन वर्षात एकच गोल केला. सर म्हणतात हिचा उपयोग काय, जिल्ह्याच्या टीमसाठी दुसरी पाहू. तिनं जेवण सोडलं होतं एक दिवस. मले फुटबॉल कळत नाही, तुम्हीच सांगा.
– एक आई, कुरखेडा तालुका

ताई, तुम्ही पत्रात खाली अजून एक ओळ लिहिली आहे, 'ती आजारी होती तेव्हा टीम 5-0 नं हरली, नाही तं एवढे गोल कधी होत नाहीत.' तुम्हाला फुटबॉल कळत नाही असं तुम्ही म्हणता, पण या एका ओळीत तुम्ही जे पाहिलं ते सरांनी पाहायला पाहिजे होतं. एका मॅचवरून पक्कं काही ठरत नाही हे खरं, पण विचारायचा प्रश्न हाच आहे, ही पोरगी नसते तेव्हा टीमचं काय होते.

एन्गोलो कांते नावाचा फ्रान्सचा खेळाडू आहे, अंगानं लहान, मधातच खेळणारा. 2015 मधे लेस्टर सिटीनं त्याला फ्रान्सच्या कान क्लबकडून घेतलं तेव्हा फार कोणाला नाव माहीत नव्हतं. 2016 मधे लेस्टर इंग्लंडचं चॅम्पियन झालं, ज्याची कोणालाच आशा नव्हती. मग तो चेल्सीला गेला. चेल्सी आधीच्या वर्षी दहाव्या नंबरवर होती, ती 2017 मधे चॅम्पियन झाली, आणि लेस्टर बाराव्या नंबरवर गेलं. या दोन्ही सीझनमधे लीगमधे त्याचे गोल किती? एक आणि एक. तरी 2017 मधे इंग्लंडच्या खेळाडूंनी मतदान करून त्यालाच वर्षाचा सर्वोत्तम निवडलं, कारण त्याच्या समोर खेळताना बॉल पायात राहत नाही हे त्यांना माहीत होतं.

मँचेस्टर सिटीचा रॉड्री पण असाच. सलग चार वर्षं सिटीनं लीग जिंकली, सप्टेंबर 2024 मधे आर्सेनलविरुद्ध त्याचा गुडघा गेला आणि पुढं ती टीम सलग पाच मॅचेस हरली, सीझनच्या शेवटी तिसऱ्या नंबरवर राहिली. दुसरेही खेळाडू जखमी होते, सगळं एकट्यामुळं झालं असं मी म्हणणार नाही, पण मधातून बॉल निघून जायला लागला हे टीव्हीवर पण दिसत होतं. त्याच वर्षीचा बॅलन डी'ओर त्याला मिळाला, म्हणजे जगातला सर्वोत्तम खेळाडू ठरला तो.

आता तुम्ही एक करा. पुढच्या मॅचला ग्राउंडवर जा, बॉलकडं पाहूच नका, फक्त पोरीकडं पाहा. आपल्या टीमचा बॉल गेला का ती त्याच क्षणी वळते का थांबते? बॉल तिच्याकडं यायच्या आधी मान वळवून मागं पाहते का? बॉल आल्यावर मोकळ्या पोरीला देते का जी दिसली तिला? तिनं बॉल किती वेळा हिसकावला तेवढ्या रेघा मारा आणि तो कागद सरांना दाखवा. भांडू नका, 'सर, हे पण पाहा' एवढंच म्हणा. बहुतेक शाळांत एकाच सरांना कबड्डी, खो-खो, अ‍ॅथलेटिक्स सगळं पाहावं लागते, त्यांना पण कोणी दाखवून दिलं तं बरंच वाटेल. आणि पोरीला माझ्याकडून सांगा, गोल मारायला मुद्दाम पुढं धावू नको, तुझी जागा सोडू नको.

प्रश्न : नेमारचे 22 कोटी युरो, मग एम्बाप्पे फुकट कसा गेला? आन हे पैसे जातात कोठी? आमच्या गावचं पोट्टं उद्या मोठ्या क्लबनं घेतलं तं गावच्या क्लबले काही भेटते का?
– भद्रावती

ट्रान्सफरचे पैसे आधीच्या क्लबला जातात, करार मधातच तोडून द्यायची ती किंमत असते, खेळाडूचा पगार वेगळा. करार संपला तं किंमत शून्य. बोसमन नावाच्या खेळाडूच्या केसमधे 1995 मधे युरोपच्या कोर्टानं दिलेल्या निकालानंतर युरोपात करार संपलेला खेळाडू मोकळा असतो. नेमारचा बार्सिलोनाशी करार चालू होता म्हणून पॅरिसच्या पीएसजी क्लबनं 2017 मधे 22 कोटी 20 लाख युरो भरले. एम्बाप्पेचा पीएसजीशी करार 2024 मधे संपला, रिअल माद्रिदला त्या क्लबला ट्रान्सफर फी म्हणून काही द्यावं लागलं नाही. म्हणून ट्रान्सफरच्या आकड्यावरून खेळाडूची लायकी ठरवू नका, त्या आकड्यात कराराची उरलेली वर्षं, वय आणि घेणाऱ्या क्लबची घाई हे सगळं मिसळलेलं असते.

गावच्या क्लबचा प्रश्न मात्र फार महत्त्वाचा विचारला तुम्ही. फिफाचा नियम आहे, करार चालू असताना खेळाडू पैसे घेऊन एका देशातून दुसऱ्या देशात गेला तं त्या रकमेतले 5 टक्के त्याला 12 ते 23 वर्षांच्या वयात ज्यांनी ज्यांनी घडवलं त्या क्लबमधे वाटायचे. 12 ते 15 या वयात सांभाळलं तं प्रत्येक वर्षाचे एकूण रकमेच्या 0.25 टक्के, 16 पासून पुढं प्रत्येक वर्षाचे 0.5 टक्के. एक कोटीचा सौदा धरला तं बारा ते पंधरा अशी चार वर्षं सांभाळणाऱ्या क्लबचा हिस्सा एक लाख होते.

पण त्यासाठी पोट्टा तुमच्याकडं होता हे कागदावर पाहिजे. क्लब जिल्हा संघटनेकडं संलग्न करा, पोराची नोंदणी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या ऑनलाइन सिस्टिममधे बाराव्या वर्षापासूनच करा, दरवर्षी करा, जन्माचा दाखला आणि आधारवरचं नाव-तारीख जुळते का ते आधी तपासा, कारण आपल्याकडं शाळेत एक तारीख आणि दाखल्यावर दुसरी असं सर्रास असते आणि मोठा झाल्यावर ते निस्तरता निस्तरत नाही.

तुम्ही शेवटी लिहिलं का एक जण मुंबईच्या ट्रायलला नेतो म्हणून पोराच्या बापाकडं पैसे मागून राहिला. देऊ नका. ट्रायल कोणत्या क्लबची, कोणत्या तारखेला, कोणत्या ग्राउंडवर हे लिहून मागा आणि त्या क्लबच्या ऑफिसला स्वतः फोन करून विचारा, तोपर्यंत पोराला गावातच खेळू द्या.