वाचकांचे प्रश्न : चार ओळी आणि त्यांचे पाठभेद

प्रश्न : इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्यावर त्याचाच दरबारी कवी रॉचेस्टर याने केलेले चार ओळींचे एपिग्राम (म्हणजे शेवटी नांगी मारणारी छोटी, चुरचुरीत कविता) मी दोन संग्रहांत वाचले. एकात 'येथे आमचे महाराज विसावले आहेत' अशी सुरुवात आहे, तर दुसऱ्यात 'देव आमच्या राजाचे भले करो' अशी. यांतला खरा पाठ कोणता समजावा?

उत्तर : हे दोन्ही पाठ प्रचारात आहेत, आणि 'आम्हांला कसा छान, विनोदी राजा लाभला आहे' अशा अर्थाची तिसरी सुरुवातही छापलेली आढळते. पुढचा मजकूर मात्र बहुतेक सारखाच राहतो : या राजाच्या शब्दावर कोणी विसंबत नाही, तो मूर्खासारखे कधी बोलला नाही आणि शहाण्यासारखे कधी वागला नाही. नांगी शेवटच्या दोन ओळींत असल्यामुळे लोकांनी त्या नीट लक्षात ठेवल्या आणि पहिली ओळ ज्याने त्याने आपल्या आठवणीप्रमाणे म्हटली. यावर राजाने 'बोलणे माझे असते, वागणे माझ्या मंत्र्यांचे' असे उत्तर दिल्याची आख्यायिका आहे. तिचा सगळा जोरही या शेवटच्या दोन ओळींवरच आहे.

तरीही पहिली ओळ बदलल्याने फरक पडत नाही, असे मात्र समजू नये. रॉचेस्टर १६८० मध्ये वारला आणि चार्ल्स १६८५ मध्ये. म्हणजे 'येथे विसावले आहेत' हा पाठ घेतला, तर कवीने जिवंत राजाचा मृत्युलेख लिहिला असा त्याचा अर्थ होतो, आणि ज्या संग्रहात या दोन सनांचा उल्लेख नसतो, तेथे राजा गेल्यावर कोणीतरी मागून हिशेब चुकता केला, असा वाचकाचा समज होतो. मला स्वतःला मृत्युलेखाचा पाठ अधिक धारदार वाटतो. परंतु तो छापणाऱ्याने दोन्ही सन खाली द्यावेत, एवढी अपेक्षा गैर नाही.

संग्रहकर्ते मुद्दाम बदल करतात, असे दर वेळी म्हणता येत नाही. या रचना छापखान्यात जाण्याआधी बराच काळ हातोहात फिरत असत. शिवाय १ जून १५९९ रोजी कँटरबरीचा आर्चबिशप आणि लंडनचा बिशप यांनी यापुढे उपहासकाव्ये आणि एपिग्रामे छापू नयेत असा हुकूमच काढला होता. तो फार काळ टिकला नाही, ही गोष्ट वेगळी. इंग्रज कवी सर जॉन हॅरिंग्टन याची एपिग्रामे त्याच्या हयातीत हस्तलिखितांतूनच वाचली गेली. तो १६१२ मध्ये वारला, त्यानंतर १६१५ मध्ये त्यांतली काही छापली गेली आणि १६१८ मध्ये मोठा संग्रह निघाला. राजद्रोह कधी यशस्वी होत नाही, कारण तो यशस्वी झालाच तर त्याला राजद्रोह म्हणण्याची कोणाची छाती होत नाही, हे त्याचे सुप्रसिद्ध एपिग्राम आजच्या संग्रहांत कोठे 'फॉर' (म्हणजे 'कारण') तर कोठे 'व्हाय' या शब्दाने दुसरी ओळ सुरू करते. येथे 'व्हाय' म्हणजे 'का' नव्हे, तर आपल्या 'अहो'सारखा उद्गार आहे. अनुवाद करणाऱ्यांची येथे हमखास फसगत होते.

याउलट जेथे गंमत एकाच ध्वनीवर उभी असते, तेथे पाठ सहसा हलत नाही. इंग्रजी लेखक हिलेर बेलॉक याने १९२३ मध्ये आपल्या मृत्यूनंतर लोकांनी काय म्हणावे ते लिहून ठेवले : याची पापे लाल होती, पण पुस्तके 'रेड' होती. ऐकताना 'रेड' म्हणजे 'लाल' वाटते आणि छापलेल्या अक्षरांत ते 'वाचली गेली' असे निघते.

प्रश्न : एपिग्रामांवरची शीर्षके कवींची असतात की संपादकांची?

उत्तर : दोन्ही प्रकार आढळतात, आणि फरक समजून घेण्यासारखा आहे. इंग्रज कवी अलेक्झांडर पोप याचे १७३८ मध्ये छापलेले दोन ओळींचे एपिग्राम पाहावे : मी लंडनजवळच्या क्यू येथील युवराजांचा कुत्रा, महाशय, आपण कोणाचे? युवराज फ्रेडरिक याला भेट दिलेल्या कुत्र्याच्या गळपट्ट्यावर कोरलेल्या या ओळी आहेत, असे शीर्षक सांगते. ते काढून टाकले तर गळपट्टा वाचायला वाकलेला दरबारी माणूस डोळ्यांसमोर येतच नाही, आणि खरी चपराक तर त्यालाच बसायची असते. असे शीर्षक गाळणारा संपादक जागा वाचवत नाही, अर्धी कविता गाळतो.

संग्रहाच्या मांडणीतूनही नवा अर्थ उभा राहतो. न्यूटनवरचे पोपचे दोन ओळींचे एपिग्राम असे : निसर्गाचे नियम अंधारात दडले होते, 'न्यूटन होवो' असे देव म्हणाला आणि सर्वत्र प्रकाश झाला. इंग्रज कवी जे. सी. स्क्वायर याने १९२६ मध्ये त्याला पुढच्या दोन ओळी जोडल्या : पण ते टिकले नाही, सैतान ओरडला, 'आइन्स्टाइन होवो', आणि सारे पूर्ववत झाले. पुढचे संग्रहकर्ते हे दोन तुकडे शेजारी छापू लागले, त्यामुळे सुमारे दोनशे वर्षांचे अंतर मिटून वाचकाला ती एकच चार ओळींची कविता वाटते.

प्रश्न : डॉक्टर फेल आवडत नाहीत, पण का ते सांगता येत नाही, ही कविता बालगीतांच्या संग्रहात कशी आली?

उत्तर : मूळ रचना पहिल्या शतकातील रोमन कवी मार्शल याची असून तिच्यात नाव सॅबिडियस आहे. ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च या महाविद्यालयाचे डीन जॉन फेल यांनी टॉम ब्राउन या विद्यार्थ्याला काढून टाकताना, ही लॅटिन कविता तेथल्या तेथे इंग्रजीत आणलीस तर माफी देतो असे सांगितले, आणि त्याने समोरच्याचेच नाव घातले, अशी कथा सांगितली जाते. फेल १६८६ मध्ये गेले. पुढे त्यांना ओळखणारे कोणी उरले नाही, टोमण्याचा रोख हरवला आणि यमक तेवढे राहिले. मुलांना तेवढे पुरते.

प्रश्न : अशा रचना आपल्या संकलनात घेण्यासाठी परवानगी लागते का?

उत्तर : ब्रिटनच्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षे, म्हणजे त्या वर्षाच्या डिसेंबरअखेरपर्यंत हक्क राहतात. हॅरिंग्टन, रॉचेस्टर आणि पोप यांच्याबाबत प्रश्नच येत नाही. बेलॉक १९५३ मध्ये वारला, त्यामुळे २०२३ संपताच तोही मोकळा झाला. स्क्वायर मात्र १९५८ मध्ये गेला, म्हणून त्या दोन ओळींवर तेथे २०२८ अखेरपर्यंत हक्क आहेत. अलीकडच्या संपादकाच्या टिपा आणि अनुवाद यांचे हक्क स्वतंत्रपणे पाहावेत.