प्रभाववाद की दृक्प्रत्ययवाद?

पॅरिसच्या म्युझे दॉर्से या संग्रहालयातली मोने, रन्वार, देगा या फ्रेंच चित्रकारांची, म्हणजे इम्प्रेशनिझम या शैलीतली चित्रं पाहून आलेल्या एका ताईंनी आपल्या लेखात 'प्रभाववादी चित्रं' असं लिहिलं. कुणीतरी 'दृक्प्रत्ययवादी म्हणा' असं सुचवलं. बरोबर काय, असा त्यांचा प्रश्न आहे.

'प्रभाववाद' हिंदीत रुळलेला आहे, पण मराठी कानाला तो फसवतो. आपल्याकडे प्रभाव 'पडतो', तोही कुणाचा तरी कुणावर. त्यामुळे 'प्रभाववादी चित्रकार' म्हटलं की हा गडी दुसऱ्याच्या प्रभावाखाली रंगवत होता की काय, असं वाटतं. मराठी विश्वकोशातली नोंद 'दृक्प्रत्ययवाद' अशी आहे. दृक् म्हणजे डोळा, पाहणं. आणि प्रत्यय तो 'प्रत्यय येणे' मधला, व्याकरणातला नव्हे!

'इम्प्रेशनिस्ट' हा शब्द मुळात आला तो टवाळीतून. १८७४ साली पॅरिसमध्ये छायाचित्रकार नादारच्या जुन्या स्टुडिओत या मंडळींनी प्रदर्शन भरवलं. त्यात मोनेचं ल हाव्र बंदराचं चित्र होतं, नाव 'इम्प्रेशन, सूर्योदय'. लुई लर्वा या समीक्षकाने 'ल शारिवारी' या विनोदी पत्रात ते नाव पकडून सगळ्यांनाच 'इम्प्रेशनिस्ट' ठरवलं. भिंतीला लावायचा अर्धवट कागदसुद्धा याहून पुरा असतो, असा एक टोलाही हाणला. फ्रेंचमध्ये इम्प्रेशन म्हणजे ठसा, आणि मनावर उमटलेली पहिली छापही. लर्वाचा कुत्सित सूर मराठीत आणायचा तर मी 'झलकवाले' म्हणेन. दृक्प्रत्ययवादात ती खोच पार धुऊन निघाली आहे, ही त्या शब्दाची एकच उणीव.

बाकी शब्द चपखल आहे. ते चित्र जवळून पाहा (ते दॉर्सेत नाही, पॅरिसच्याच मार्मोताँ संग्रहालयात आहे): राखाडी-निळ्या धुक्यात नारिंगी सूर्य, पाण्यावर त्याचे चार-दोन फटकारे. त्याचा फोटो कृष्णधवल करून बघा, सूर्य जवळजवळ गायब होतो! तो आभाळापेक्षा फारसा उजळ रंगवलेलाच नाही; फक्त रंगामुळे डोळ्याला पेटलेला दिसतो. याला दृक्प्रत्यय नाही तर काय म्हणायचं?

फोव्हिझमचंही, म्हणजे भडक रंगांच्या त्या चित्रशैलीचंही, असंच. १९०५ मध्ये लुई व्होसेल या समीक्षकाने चित्रकार मातीस आणि मंडळींना 'फोव्ह', म्हणजे हिंस्र श्वापदं, म्हटलं. मराठीत त्याचा सभ्य 'रंगभारवाद' झाला. क्युबिझम, म्हणजे वस्तू भौमितिक आकारांत मांडणारी चित्रशैली, तिचा 'घनवाद' मात्र सरळ भाषांतर आहे: क्यूब म्हणजे घन. मला तरी तो ऐकला की आधी ढगच आठवतात.

तर ताई, लेखात 'दृक्प्रत्ययवादी' लिहा, गप्पांत 'इम्प्रेशनिस्ट' म्हणा. त्यात काही बिघडत नाही. फक्त 'द्रुकप्रत्यय' लिहू नका. मूळ दृश्, पुढे प आला की दृक्, आणि ग आला की दृग्, जसं दृग्गोचर.